अष्टमीची ओहोटी

आमच्याकडे कुठलीही सभा ठरवायची तर आधी तिथी विचारतात. देवाधर्मासाठी नाही, पाण्यासाठी. अमावास्या-पुनवेच्या आगेमागे समुद्राला जोर असतो, ते उधाण. तेव्हा डोलीच्या, म्हणजे वाहत्या पाण्यात तोंड उघडं ठेवून बांधलेल्या जाळ्यात मासळी भरते, होड्या बाहेर असतात आणि गावात म्हातारी माणसं न् कुत्री तेवढी सापडतात. अष्टमीच्या आगेमागे पाणी मरगळतं, तो भांग. पाण्याला ओढ नाही, जाळं फुगत नाही, मग फुकटचं डिझेल जाळायला कोण जातो? होड्या किनाऱ्यावर, पुरुष घरात. म्हणून साखरपुडे भांगात, भावाभावांची भांडणं मिटवायची बैठक भांगात, घराची कौलं चाळायची तीही भांगात. हे कोणी कोणाला शिकवत नाही, मुलं बघून बघून शिकतात.

हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे जे झालं ते एवढ्यावरून झालं आणि माझ्या हातून झालं. गावातले लोक मला तोंडावर काही बोलत नाहीत. माझं तोंड त्यांना चांगलं ठाऊक आहे.

मी शिक्षिका. आधी तलासरीकडे आणि मग सायवनला, अशी सगळी नोकरी डोंगराकडे काढली. निवृत्त झाले, त्याच्या आदल्याच वर्षी नवरा गेला होता, म्हणून माहेरच्या आळीत दोन खोल्या बांधून राहायला आले. गाव नरपडच्या बाजूला, खाडीच्या तोंडाशी. नाव सांगत नाही. सांगून आता कोणाचं भलं होणार आहे?

शेजारी माझी मावशी राहते. आईची धाकटी बहीण, सत्तरी कधीच ओलांडलेली, कंबरेत वाकलेली, पण जिभेला अजून धार. नवरा तरुणपणीच समुद्रात गेला. तिने तीन लेकरं वाढवली ती शिवल्यांवर. शिवल्या म्हणजे चिखलात, बोटभर खोल बसलेले शिंपले. उधाणाच्या दिवसांत पहाटे पाणी पार दूर जातं आणि खाडीच्या तोंडाशी मैलभर चिखल उघडा पडतो. मावशी कासोटा घालून, कमरेला टोपली बांधून त्या चिखलात उतरते आणि हाताने चाचपत शिवल्या काढते. सकाळी डहाणूच्या बाजारात वाटे लावून बसते.

परत आले त्या हिवाळ्यात मला म्हणाली, "शाळा सुटली ना आता? मग घरात बसून काय अंडी उबवतेस? चल माझ्याबरोबर."

गेले. आणि तिथे मी पहिल्यांदा त्या पाखरांकडे नीट बघितलं. लहानपणी बघितली नव्हती असं नाही, पण अंगणातल्या कोंबड्यांकडे कोणी टक लावून बघतं का? त्या पहाटे बघितली. अख्ख्या चिखलावर पसरलेली. वाकड्या लांब चोचीचे कोरल, सतत शेपूट हलवणारे तुतवार, आणि मुठीएवढे चिखल्या. चिखल्यांचे तर थवेच्या थवे. चार पावलं धावायचं, थबकायचं, टोचायचं, पुन्हा धावायचं. पावसाळा सरता सरता ते उत्तरेकडून, बर्फाच्या मुलखातून येतात आणि उन्हाळा तापला की परत जातात. मावशीला बर्फाच्या मुलखाशी देणंघेणं नव्हतं. तिचं शास्त्र एका वाक्याचं होतं. "चिखल्या टोचतो तिथे हात घाल."

खरंच तसं होतं. चिखल सगळा दिसायला सारखा, पण जिथे तो जिवंत असतो तिथे चिखल्या जमतात, आणि जिथे चिखल्या तिथेच शिवल्या. मावशी मान वर करून आधी थवा कुठे आहे ते बघायची आणि तिकडे चालायला लागायची. पाखरं थोडी सरकून तिला जागा द्यायची. ती त्यांच्याशी बोलायची सुद्धा. "सरक गो, सगळं तूच खाशील काय?"

दुसऱ्या हिवाळ्यात मुंबईची एक पोरगी आली. पक्ष्यांचा अभ्यास करत होती, महिन्यातून दोनदा यायची, माझ्याकडेच उतरायची. तिच्या दुर्बिणीतून तिने मला एक चिखल्या दाखवला, ज्याच्या पायात हिरवी पट्टी होती. कोणीतरी कुठेतरी पकडून, खुणेला पट्टी घालून सोडून दिलेला. म्हणाली, "काकू, हे पक्षी दरवर्षी त्याच चिखलावर येतात. हजारो मैलांवरून, पण त्याच जागी." मला काही पटलं नाही. मावशीला मात्र लगेच पटलं. तिने त्या पाखराचं नावच ठेवलं, बांगडीवाली. नर आहे की मादी हे त्या पोरीलाही सांगता येईना, पण मावशीने ठरवलं की बाई आहे. एवढ्या लांबून पोटासाठी दरवर्षी येणारी बाईच असणार, म्हणाली.

पुढच्या दोन्ही हिवाळ्यांत बांगडीवाली आली. नवरात्राच्या आधी मावशी दारात येऊन ओरडायची, "आली गो आपली!" आणि मी हातातलं काम टाकून धावायचे. माझी दोन्ही मुलं गुजरातेत नोकरीला, दिवाळीला येतो म्हणतात आणि येत नाहीत. ते पाखरू यायचं.

मग गावात बातमी आली की तो चिखल भरणार. किनारा सुंदर करायचा म्हणे. शनिवार-रविवार मुंबईकडून आणि सुरतकडून गाड्या येतात, त्यांना लावायला जागा नाही. तर खाडीच्या तोंडाशी भिंत घालायची, आत भराव टाकायचा, वर गाड्या लावायची जागा, फिरायचा रस्ता आणि खाण्याच्या टपऱ्या. ग्रामसभेत रंगीत नकाशा लावला होता. त्यात चिखलाच्या जागी हिरवळ होती आणि हिरवळीवर एक बाई कुत्रा घेऊन चालली होती. आमच्या गावात असली बाईही नाही आणि असला कुत्राही नाही.

मी उभी राहिले. राग आला होता, पण आवाज चढू दिला नाही. शाळेत चाळीस वर्षं घालवली त्याचा एवढा फायदा. म्हटलं, तो चिखल रिकामा नाही, तिथे परदेशी पाखरं उतरतात, आणि गावातल्या पंधरावीस बायका त्याच्यावर जगतात. समोर मोठ्या कार्यालयातले एक साहेब बसले होते. सभ्य माणूस, आवाज खाली, हातात पाण्याची बाटली. म्हणाले, "मॅडम, तुम्ही म्हणता तसे पक्षी तिथे असतील तर आम्ही ती जागा वगळू. आम्हाला काय हौस आहे? समिती येऊन प्रत्यक्ष पाहील. फक्त ओहोटीची वेळ कार्यालयीन वेळेत असावी. तारीख तुम्हीच द्या."

तारीख तुम्हीच द्या! मला काय आनंद झाला. वाटलं, चला, माणूस ऐकून घेणारा आहे.

माझा धाकटा भाऊ तिथेच होता. त्याची स्वतःची होडी, गावात शब्दाला वजन. घरी येताना म्हणाला, "ताई, गाव उभं राहिलं पाहिजे त्या दिवशी. चार बायका बघून साहेब हसतील. भांगात ठेव, सगळे मिळतील."

मी दिनदर्शिका काढली. पौषातली अष्टमी. ओहोटी दुपारी बाराच्या सुमारास, म्हणजे साहेबांना सोयीची. होड्या किनाऱ्यावर, म्हणजे गाव मोकळं. काळ्या दगडावरची रेघ! मुंबईच्या पोरीला फोन केला. तिची परीक्षा होती, येता येणार नव्हतं. तिने एवढंच विचारलं, "काकू, ओहोटी आहे ना पण?" म्हटलं, "भर बारा वाजता." म्हणाली, "मग झालं." मावशीला सांगितलं तर तीही म्हणाली, "बरं केलंस. भांग आहे, पोरंबाळंसुद्धा येतील."

वाचणारा म्हणेल, मग बिघडलं कुठे? तेच तर. आम्हालाही कळलं नाही.

त्या दिवशी गाव लोटलं. बायका ठेवणीतली लुगडी नेसून आल्या, पोरांनी फलक रंगवले होते, भावाने बँडवाल्यांना सांगून ढोल आणला होता. मी म्हटलं, ढोल कशाला? तर म्हणाला, "साहेबांचं स्वागत नको करायला?" साडेअकराला गाड्या आल्या. चार साहेब, एक बाई, एक कॅमेरावाला. आम्ही सगळे मिरवत त्यांना खाडीच्या तोंडाशी घेऊन गेलो.

समोर पाणी होतं.

ओहोटी होती, नव्हती असं नाही. पाणी हटलं होतं, पण भांगाचं पाणी हटून हटून किती हटणार? तिवरांच्या मुळांपासून पन्नास पावलं चिखल उघडा होता आणि त्याच्या पुढे सपाट, करडं, कंटाळलेलं पाणी. जिथे मावशी शिवल्या काढते, जिथे थवे उतरतात, तो चिखल कंबरभर पाण्याखाली होता. उघड्या पट्ट्यावर दोन बगळे होते, तेही ढोल वाजल्यावर उडाले. राहिले कावळे.

मी मावशीकडे बघितलं, तिने माझ्याकडे. आणि त्या क्षणी दोघींना एकदम कळलं. उभ्या जन्मात आम्ही भांगाच्या दिवशी त्या चिखलाकडे गेलोच नव्हतो. कशाला जाणार? भांगात शिवल्या नाहीत, मासळी नाही. भांगात आमचं गाव समुद्राकडे पाठ करून बसतं. आम्ही जायचो तेव्हा चिखल उघडा असायचा, आणि चिखल उघडा असायचा म्हणून पाखरं असायची. आम्हाला आपलं वाटलं, ती कायमच तिथे असतात, घराच्या पडवीसारखी.

सभेतले ते साहेब घड्याळ बघत म्हणाले, "ओहोटी पूर्ण झाली ना? तक्त्यात बारा वाजून पाच मिनिटं आहे."

"साहेब, ही भांगाची ओहोटी आहे," मी म्हटलं. "अमावास्येला या. पहाटे सहाला. अख्खा चिखल दाखवते तुम्हाला."

"मॅडम, तारीख तर तुम्हीच दिलीत."

"पाखरं आत मिठागरात बसलीत," मावशी मध्येच बोलली. "भांगात तिकडेच असणार. चला, दाखवते." आणि खरंच, तिने त्यांना चालवत नेलं. वाकलेली म्हातारी पुढे आणि बूट घातलेले साहेब मागे. जुन्या बंद पडलेल्या मिठागराच्या बांधावर चिखल्या ओळीने बसलेले, माना पिसांत खुपसून, पाणी हटायची वाट बघत. कॅमेरावाल्याने फोटो घेतले. मला वाटलं, सुटलो बाई!

साहेबांनी नकाशा उघडला, बोट फिरवलं आणि अगदी मायेने म्हणाले, "पण ही जागा प्रस्तावात नाही. आम्हाला प्रस्तावित जागेचंच लिहावं लागतं."

पंचनामा गाडीच्या बॉनेटवर लिहिला. हजर ग्रामस्थ मोठ्या संख्येने. वेळ ओहोटीची. पक्षी: बगळे दोन, कावळे. मला वाचून दाखवला. म्हणाले, यात खोटं काही आहे का? खोटं काही नव्हतं. म्हणाले, ही फक्त हजेरी आहे, मत नाही, मत तुम्ही नंतर लेखी द्या. मी सही केली. आयुष्यभर हजेरीपटावर सह्या केलेली बाई मी, हजेरी म्हटल्यावर हात आपोआप चालला. स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेणारे पुष्कळ असतात, पण धोंडा शोधून, धुऊन, पुसून साहेबांच्या हातात देणारी मी एकटीच.

मग सुरू झालं वरातीमागून घोडं. मी डहाणूच्या कार्यालयात गेले, पालघरला गेले. अर्ज केले. अमावास्येच्या पहाटेचं चित्रण मोबाइलवर काढलं, थवेच्या थवे, आवाजासकट. खिडकीतल्या माणसाने बघितलं आणि म्हणाला, "छान आहे. पण हे कुठलंही असू शकतं ना?" म्हटलं, "मग तुम्ही या आणि बघा." "कधी?" "पहाटे सहाला." तो हसला. "बाई, ऑफिस दहाला उघडतं."

मी तेव्हा घरी येऊन दिनदर्शिका घेऊन बसले आणि पुढचे सगळे महिने तपासले. आमच्या किनाऱ्यावर मोठी ओहोटी सकाळी सहाच्या नाहीतर संध्याकाळी सहाच्या आसपासच लागते. दहा ते पाचात जी लागते ती भांगाचीच. म्हणजे ही पाखरं सरकारला कधीच दिसणार नाहीत. वर्षाच्या कुठल्याही तारखेला नाहीत. मी किती वेळ त्या कागदाकडे बघत बसले होते कोण जाणे, चहावर साय धरली होती.

अहवालाची प्रत होळीनंतर मिळाली. बाकी सगळं विसरले, एक वाक्य पाठ आहे. पाहणी स्थानिक ग्रामस्थांनी सुचवलेल्या दिवशी, ओहोटीच्या वेळी व त्यांच्या उपस्थितीत करण्यात आली असून प्रस्तावित जागेत स्थलांतरित पक्ष्यांचा वावर आढळून आला नाही. खाली जोडपत्रात पंचनामा आणि त्यावर माझी सही, चांगली वळणदार.

मावशीला वाचून दाखवलं. ती लसूण सोलत होती. म्हणाली, "म्हणजे आता भरणार?"

"भरणार."

"तू सही केलीस म्हणून?"

"हो."

ती लसूण सोलत राहिली. एरवी मला शिव्या घालणारी बाई, तिने एक शिवी घातली असती तर बरं झालं असतं.

चैत्रात भिंत झाली आणि डंपर यायला लागले. दिवसभर लाल मुरूम. मी तिवरांपाशी रस्त्यात जाऊन उभी राहिले. अक्कल गेली होती म्हणा, पण घरात बसवेना. पहिला डंपर करकचून थांबला. मी तोंड सोडायच्या तयारीत, तर चालक खाली उतरून थेट माझ्या पायाच पडला.

"बाई, तुम्ही इथं?"

सायवनच्या शाळेतला माझा विद्यार्थी. आता केस पिकायला लागलेला, दोन मुलांचा बाप. आधी अच्छाडच्या नाक्यावरून गुजरातेत माल न्यायचा, आठ-आठ दिवस ढाब्यावर झोपायचा. इथे दिवसाकाठी तीन खेपा आणि रात्री घरी, म्हणून हे काम धरलं. मी विचारलं, "मुरूम कुठला रे?"

त्याने मान खाली घातली. "आपल्या शाळेमागची टेकडी, बाई. जिथं तुम्ही आम्हाला वनभोजनाला न्यायचात."

ती टेकडी मला ठाऊक होती. पळसाची झाडं होती वर, आणि एका बाजूला गावदेवाचा दगड. म्हटलं, "आणि गावदेव?"

"त्याला खाली आणून बसवलाय. नवीन शेड बांधून दिली त्यांनी."

तिकडची टेकडी उचलून इकडच्या खाडीत टाकायची. दोन्हीकडचं गेलं. मला रडू फुटलं, रागाचं रडू, आणि मी त्यालाच ओरडले, "लाज नाही वाटत? तुला हेच शिकवलं मी?" बिचारा उभा राहिला, शाळेत उभा राहायचा तसाच, हात मागे बांधून. मग हळूच म्हणाला, "बाई, मी नाही टाकला तर मागचा टाकेल." मागे पाच डंपर भोंगे वाजवत होते. त्याने मला धरून कडेला सुरूच्या सावलीत बसवलं, स्वतःची पाण्याची बाटली हातात दिली. मग गाडीत चढला आणि टाकला. त्याच्यावर मी खूप दिवस चिडून होते. आता नाही. सही त्याची नव्हती.

पावसाळ्याच्या आत बहुतेक काम उरकलं. वरच्या अंगाला फरशा बसल्या, भिंतीलगतचा भाग तसाच मुरूम दाबून ठेवला. टपऱ्या गावातल्यांनाच द्यायच्या ठरल्या होत्या, आणि पहिली टपरी घेतली माझ्या भावाने. चहा, वडापाव, उकडलेला मका. मला कळलं तेव्हा मी त्याच्या दारात जाऊन उभी राहिले.

"ढोल वाजवलास, आणि आता वडे तळणार?"

"मग काय करू, ताई? तुझ्यासारखं पेन्शन आहे मला? मासळी किती येते ते तुला माहीत नाही. झालं ते झालं. गाड्या तर येणारच आहेत, मग बाहेरचा कोणी येऊन तळेल ते मी तळलं तर बिघडलं काय?"

"मावशीने कुठे जायचं?"

"तिला सांग ना, टपरीवर येऊन बस. कांदे चिरायला कोणीतरी लागेलच."

मी त्याला जे बोलले ते लिहीत नाही. आपलेच दात आणि आपलेच ओठ. पण दिवाळीला मी त्याला ओवाळलं नाही, आणि तोही आला नाही.

हे दिवाळीचं झालं. त्याच्या आधीचं सांगायचं राहिलं.

भाद्रपदातली अमावास्या. पहाटे मावशी माझ्या दारात. कमरेला टोपली. म्हटलं, "कुठे निघालीस?"

"उधाण आहे," ती म्हणाली.

"मावशी, चिखल नाही आता तिथे."

"माहीत आहे मला. मी काय आंधळी आहे? चल."

गेलो दोघी. उजाडत होतं. भिंतीच्या पलीकडे पाणी पार दूर गेलेलं, पण तिथे खडक आणि रेती, पूर्वीही त्यावर काही मिळत नव्हतं. अलीकडे लाल मुरूम, पावसाने चापून बसलेला. भावाची टपरी निळ्या ताडपत्रीखाली बंद. कोणीतरी चिप्सची पाकिटं टाकलेली.

आणि मुरमावर चिखल्या. आठदहाच होते, थवा नव्हता. बाकीचे कुठे गेले मला माहीत नाही, कोणालाच माहीत नाही. हे दहा मात्र तिथेच उतरले होते. चार पावलं धावायचे, थबकायचे, टोचायचे. काही मिळायचं नाही. पुन्हा चार पावलं.

"ती बघ," मावशी म्हणाली. दुर्बीण नसताना तिनेच आधी ओळखली. हिरवी पट्टी. बांगडीवाली. बर्फाचा मुलूख, डोंगर, वाळवंटं ओलांडून, पंखांनी उडून, नेमकी आपल्या जागी आली होती. रोडावलेली होती, छातीचं हाड दिसत होतं. ती धावली, थबकली आणि टोचलं.

मावशी तिच्याकडे चालत गेली. मी हाक मारली तरी थांबली नाही. पाखरू जरासं सरकलं, नेहमीसारखं, तिला जागा द्यायला. मावशी कंबरेत वाकली आणि जिथे त्याने टोचलं होतं तिथे हात घातला. मुरूम घट्ट होता. तिने बोटांनी उकरलं, नखं लावून उकरलं. मी धावत जाऊन तिचा दंड धरला, तर तिने झटकला. शेवटी एक खडा निघाला, लाल, शिवलीएवढा.

तिने तो पदराने पुसला. मग माझा हात ओढून तळव्यावर ठेवला आणि माझी बोटं वरून मिटवली.

"घे," म्हणाली. "शिवली."

मी घेतली. नाही कशी म्हणणार, सही माझीच होती.